रोपवाटिकेत नसलेली झाडं

आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना आपल्याकडे अनेक घरांत वाघाटीची भाजी लागते. त्या सकाळी सोलापूर-पंढरपूरकडच्या बाजारांत वाघाटी शोधत फिरणारी माणसं दिसतात, आणि मूठभर फळांना एरवी कुठल्या रानभाजीला मिळत नाही असा भाव मिळतो. ही फळं येतात बांधावरच्या, ओढ्याकाठच्या, जुन्या काटेरी कुंपणात गुंतलेल्या वेलींवरून. वाघाटीची लागवड सहसा कोणी करत नाही. बांध कोरला, कुंपणाच्या जागी तार आली, ओढा सरळ केला, की वेल गेली. ती पुन्हा लावावी असं एखाद्याच्या मनात आलंच, तर रोप कुठून आणणार? नर्सरीत बोगनवेल मिळेल, फॉक्सटेल पाम मिळेल, वाघाटी मिळणार नाही. गिऱ्हाईक आहे, भाव आहे, सणाचा आधार आहे, तरी रोप नाही.

देशी झाडं वाचवण्याच्या गोष्टी आपण जंगलाच्या संदर्भात करतो. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात मात्र झाड टिकणार की जाणार, हे पुष्कळदा रोपवाटिकेत ठरतं. ग्रामपंचायत, शाळा, साखर कारखाना, रस्त्याचा ठेकेदार किंवा घर बांधणारा मास्तर असो, प्रत्येकजण जे रोप हाताशी मिळतं तेच लावतो. राज्यात २०१६पासून वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २ कोटींपासून सुरू झालेलं उद्दिष्ट २०१९मध्ये ३३ कोटींवर गेलं. एवढी रोपं ठरलेल्या दिवशी हवीत म्हटल्यावर जे लवकर वाढतं, ज्याचं बी पोत्यानं मिळतं आणि ज्याला शेळी तोंड लावत नाही, तेच पिशवीत भरलं जाणार. म्हणून उद्यानविद्येच्या विद्यार्थ्याला पर्यावरणपूरक बागकाम शिकवायचं, तर सुरुवात बागेच्या आराखड्यापासून करू नये. सुरुवात बियांपासून करावी, आणि त्यासाठी मंद्रूपसारखं गाव फार योग्य आहे.

सोलापूरहून विजापूर रस्त्याने निघालं, वडकबाळला सीना ओलांडली, की मंद्रूप येतं. आणखी पुढे टाकळीजवळ भीमा, आणि भीमेपलीकडे कर्नाटक. या दोन नद्या खाली हत्तरसंग-कुडलला एकमेकींना मिळतात. नदीकाठी काळी भारी जमीन, ऊस आणि केळी. काठापासून वर सरकावं तशी जमीन हलकी होत जाते, ज्वारी, तूर, द्राक्ष, डाळिंब दिसू लागतं, आणि उंचवट्यावर मुरमाड माळ. जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. जूनमध्ये तोंड दाखवून गायब होणारा आणि सप्टेंबरात एकदम कोसळणारा. माती चुनखडीची. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आठवडेच्या आठवडे. १९३३च्या सुमारास देशात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची पहिली मोठी योजना सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या मोजक्या केंद्रांत सोलापूर आणि विजापूर ही दोन्ही नावं होती. मंद्रूप त्या दोन केंद्रांना जोडणाऱ्या रस्त्यावरच आहे. कमी पाण्यात झाड कसं जगतं हे शिकण्यासाठी यापेक्षा चांगला वर्ग मिळणं अवघड.

कृषी विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमात गावात राहण्याची सोय आधीपासून आहे. शेवटच्या वर्षी विद्यार्थी काही आठवडे गावात मुक्काम करतात, यजमान शेतकऱ्याबरोबर काम करतात, प्रात्यक्षिकं दाखवतात. गावात त्यांना कृषीदूत, कृषीकन्या म्हणतात. उद्यानविद्येचे असतील तर उद्यानदूत आणि उद्यानकन्या. बोर्डो मिश्रण कसं करायचं, माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा, कलम कसं बांधायचं, बीजप्रक्रिया कशी करायची, अशी ती प्रात्यक्षिकं. सगळी उपयोगाची. पण त्यांत ज्ञानाची वाट एकाच दिशेनं जाते, विद्यार्थ्याकडून गावाकडे. देशी वनस्पतींच्या बाबतीत ती उलटी वळवावी लागते. हिवराच्या शेंगा कधी तडकतात, करंजाचं बी किती दिवस टिकतं, पुराच्या पाण्यात कुठली झाडं उभी राहिली, हे गावातल्या मेंढपाळाला आणि भाजी विकणाऱ्या बाईला पुस्तकापेक्षा नेमकं ठाऊक असतं. मंद्रूपच्या बाजूला ही माहिती दोन भाषांत मिळते. मराठीत बाभूळ म्हणणाऱ्याच्या शेजारचा माणूस तिला कन्नडमध्ये जाली म्हणतो, तरवडाला तंगडी म्हणतो. विद्यार्थ्याच्या वहीत दोन्ही नावं हवीत, नाहीतर निम्म्या गावाशी त्याचं बोलणंच होणार नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अशा नोंदवह्या पुष्कळदा मुदत गाठण्याच्या घाईत भरल्या जातात. गावात मुक्कामाला असलेल्या विद्यार्थ्यांनी ती नोंदवही हातात घेऊन शिवार फिरावं, यादीतली झाडं खरोखर कुठे उभी आहेत ते पाहावं, फुलण्या-फळण्याचे महिने त्यात भरावेत. अभ्यासक्रमात एक ओळही न वाढवता हे करता येतं.

आता बी. प्रत्येक जातीचं बी वेगळ्या स्वभावाचं असतं, आणि तो स्वभाव न कळल्यामुळेच देशी झाडं रोपवाटिकेतून बाहेर पडली, असं माझं मत आहे. कडुनिंबाचं घ्या. जून-जुलैत पिवळ्या निंबोळ्या पडतात. गर धुऊन काढून सावलीत वाळवलेलं बी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पेरलं, तर भराभर उगवतं. तेच डब्यात भरून दिवाळीनंतर पेरलं, तर वाफा रिकामा राहतो. करंज आणि पळसही ताज्या बियांचे. बाभूळ नेमकी उलट. तिच्या बियांचं कवच इतकं टणक की साध्या पाण्यात ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात. उकळत्या पाण्यातून काढून रात्रभर भिजवली तर फुगतात. गावात याहून सोपी रीत आहे. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना घालायच्या आणि सकाळी वाड्यातल्या लेंड्यांतून नि रवंथ करताना टाकलेल्या चोथ्यातून बी वेचायचं. शेळीच्या पोटातल्या आम्लानं कवच मऊ झालेलं असतं. अशा बियांचं उगवण्याचं प्रमाण चांगलं असतं हे वनखात्याच्या जुन्या रोपवाटिकांनाही माहीत होतं.

बोराची गोष्ट विद्यार्थ्याने हातानं करून पाहावी अशी आहे. गावठी बोराच्या आठळ्या आधी मिठाच्या पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या फेकायच्या, कारण त्या पोकळ असतात. बुडालेल्यांपैकी निम्म्या तशाच पेरायच्या आणि उरलेल्या निम्म्यांचं कवच हलकेच फोडून आतलं बी पेरायचं. फोडलेलं बी आठवड्याभरात वर येतं, न फोडलेल्याला तीन-चार आठवडे लागतात. शेजारी-शेजारी दोन ओळी पाहिल्या की बीजसुप्तता म्हणजे काय, ते निराळं शिकवावं लागत नाही. हे रोप शक्यतो पिशवीत करूच नये, शेतातल्या खड्ड्यातच बी टाकावं. बोराचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि पिशवीत ते तळाला अडतं. पुढच्या पावसाळ्यात रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर जागेवरच उमराण वाणाचा डोळा भरायचा. वर बाजारात चालणारं बोर, खाली दुष्काळ पाहिलेलं रानातलं मूळ. एप्रिल-मेमध्ये बोर पानं झाडून झोपी जातं आणि त्या दिवसांत पाणी मागत नाही. विहीर तळाला जाते तेव्हा ज्या झाडाची गरजच थांबते, ते झाड या मातीत घडलेलं आहे. उद्यानविद्येचा विद्यार्थी रानटी झाडाकडे खुंट म्हणून बघायला शिकतो, तेव्हा देशी वनस्पतींचं संवर्धन आणि फळबागेचा धंदा या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात वेगळ्या राहत नाहीत.

पिशवीतल्या मुळांचा प्रश्न बोरापुरता नाही. नर्सरीत दोन-तीन वर्षं पडून राहिलेलं कुठलंही रोप घ्या आणि पिशवी ब्लेडनं उभी चिरा. मुळं तळाशी जाऊन वळलेली असतात, मग कडेकडेने गोल फिरत वर आलेली असतात. पिशवीचा आकार निघून गेला तरी मुळं त्याच आकारात राहतात. खड्ड्यात लावल्यावर ती बाहेर पसरायला तयार नसतात. रोप दोन वर्षं बरं दिसतं, उंची घेतं, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात बुंध्यापासून आडवं होतं. लोक म्हणतात, झाड कच्चं निघालं. झाड कच्चं नव्हतं, रोप जुनं होतं. विद्यार्थ्यांनी रोपवाटिकेत शिकताना दर सहा महिन्यांनी काही पिशव्या फोडून मुळं पाहिली पाहिजेत. खाली भोकं असलेले, आत उभ्या रेघा असलेले साचे, ज्यांना रूट ट्रेनर म्हणतात, त्यांत मुळाचं टोक हवेला लागून थांबतं आणि बाजूची मुळं फुटतात. महाग वाटले तरी ते साचे वर्षानुवर्षं वापरता येतात, आणि पिशव्यांचा प्लॅस्टिकचा ढीग माळावर उडत नाही.

बी कुठून गोळा केलं, तेही महत्त्वाचं. एकाच मोठ्या झाडाखाली बसून पोतं भरणं सोयीचं असतं, पण मग सगळी रोपं एकाच आईची. एखादा रोग आला तर सगळी एकदम जातात. म्हणून बी अनेक झाडांवरून, अंतर राखून, थोडं थोडं घ्यायचं. सगळं ओरबाडायचं नाही, पाखरांना आणि मातीला ठेवायचं. आणि पुडीवर तारीख, ठिकाण, माती लिहायची. माळावरच्या कडुनिंबाचं बी माळासाठी, काठावरच्या करंजाचं काठासाठी. ही शिस्त एका हंगामात अंगवळणी पडते.

गोळा केलेला साठा नीट राखला तर काय होतं, हे सोलापूरकरांना रोज दिसतं, फक्त त्याची गोष्ट सांगितली जात नाही. पुण्याच्या गणेशखिंडीत १८७३मध्ये एक वनस्पती उद्यान उभं राहिलं. पुढे ते फळसंशोधनाचं केंद्र झालं. १९३६मध्ये तिथे डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी नावाच्या स्थानिक डाळिंबाच्या रोपांतून एक मऊ दाण्याचं झाड निवडलं. पुढे त्याला त्या जागेवरूनच ‘गणेश’ हे नाव मिळालं. गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून आलेल्या पिढीतून निवडलेला वाण म्हणजे ‘भगवा’, जो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं या शतकाच्या सुरुवातीला दिला आणि ज्याने सोलापूर, सांगोला, मंद्रूप या भागातल्या माळांचा रंग बदलला. कोणीतरी जुनी झाडं सांभाळून ठेवली होती, म्हणून निवड करता आली. आज ती सुमारे ३३ हेक्टरांची गणेशखिंड २०२०पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे, म्हणजे फळझाडांचे मातृवृक्ष आणि रानातली झाडं एकाच कुंपणात कायद्यानं राखली गेली आहेत. उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी याहून बोलकं उदाहरण माझ्या माहितीत नाही. सोलापूरजवळ केगावला २००५पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथेही वाणांचा संग्रह राखला जातो. पण मंद्रूपच्या बांधावरची वाघाटी, हिवर, मेडशिंगी, तरवड यांचा संग्रह राखायला कोणी बसलेलं नाही, आणि तो राखायला मोठं केंद्र लागतही नाही. महाविद्यालयाच्या आवारातलं एक एकर पुरतं.

डाळिंबाचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. डाळिंब मूळचं इराणकडचं. द्राक्ष बाहेरचं, पेरू आणि सीताफळ अमेरिकेतलं, चिंच आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी आलेली. परदेशी ते वाईट असा सोपा नियम केला, तर सोलापूरची शेती आणि चिंचेच्या सावलीतल्या शाळा दोन्ही बाद होतील. विद्यार्थ्याला शिकवायचा प्रश्न वेगळा आहे: हे झाड लावलं तिथेच राहतं का, आणि इथल्या मधमाश्या-पाखरांना त्यातून काही मिळतं का? गुलमोहर मादागास्करचा, पण तो रानात घुसत नाही; त्याची तक्रार एवढीच की तो ठिसूळ आहे. वेडी बाभूळ मात्र एकोणिसाव्या शतकात आणली गेली आणि आज ओढे, तळ्यांचे काठ, गायरानं अडवून बसली आहे. तिच्या गोड शेंगा शेळ्या-मेंढ्या खातात आणि बी शिवारभर पसरवतात. अलीकडे शहरांत आणि सोसायट्यांत हिरव्या भिंतीसारखा लावला जाणारा कोनोकार्पस गुजरात सरकारनं २०२३मध्ये लागवडीतून बाद केला. लावणाऱ्याला ते झाड हवं होतं कारण ते वर्षभर हिरवं राहतं आणि वेगानं वाढतं. रोपवाटिकेनं दुसरा हिरवा पर्याय पुढे ठेवला असता, तर किती जणांनी तो घेतला असता?

तरवड हा तसा एक पर्याय आहे. माळावर, मुरमात, कुणी पाणी न घालता, वर्षातले कितीतरी महिने पिवळा फुललेला. गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. साल पूर्वी कातडी कमावायला जायची. सोलापुरातल्या तेलुगू कुटुंबांना हे झुडूप तंगेडू म्हणून ओळखीचं आहे, कारण नवरात्रातल्या बतुकम्माच्या रचनेत त्याची फुलं लागतात. तेलंगणाचं ते राज्यपुष्प आहे. त्याच्या फुलाकडे जरा वेळ बसून पाहा. फुलात मध नसतो. परागकोशांना वरच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात, त्यामुळे पराग नुसता सांडत नाही. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला लोंबकळतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. त्या कंपनानं पराग पिचकारीसारखा छिद्रांतून बाहेर उडतो आणि त्याच्या पोटावर बसतो. ही थरथर कानाला ऐकू येते, उडतानाच्या गुणगुणण्यापेक्षा चढ्या सुराची. सरकारी कचेरीपुढच्या कुंपणाला, रस्त्याच्या दुभाजकाला, शाळेच्या कडेला हे झुडूप लावायला काय हरकत आहे?

फळबागेशी बांधावरच्या अशा फुलांचा सरळ संबंध आहे. डाळिंबाचा बहार धरताना झाडाला ताण देतात, पानगळ करतात, मग पाणी देऊन एकदम फुलं आणतात. त्या काही आठवड्यांत मधमाशी हवी असते, नाहीतर फळधारणा नीट होत नाही, आणि शेतकरी पैसे मोजून पेट्या आणतो. पण बहार नसलेल्या महिन्यांत माशी जगते कशावर? मार्च-एप्रिलात कडुनिंबावर, मग करंजावर, पावसाळ्यात बाभळीवर, त्याच्या उतरत्या काळात हिवरावर आणि बोरावर. बांधावर यांतलं काही न काही असलं तर माशीला शिवार सोडून जावं लागत नाही. उद्यानविद्येच्या विद्यार्थ्याने एका यजमान शेतकऱ्याच्या बांधाचं असं बारमाही फुलांचं वेळापत्रक बनवून द्यावं. फवारणीचं वेळापत्रक तर आपण कधीचेच बनवून देतो.

आता माळ. पर्यावरणाच्या नावाखाली सोलापूर जिल्ह्यात सर्वांत मोठी चूक इथेच झाली. सात-बाऱ्यावर ‘पडीक’ लिहिलेला माळ रिकामा असतो, तिथे झाडं लावली की निसर्ग सुधारतो, असं सगळ्यांना वाटतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा १९७९ची. माळढोकाला मोकळं, नजर लांब पोहोचेल असं गवताळ रान लागतं. तिथल्याही काही गवताळ तुकड्यांवर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. हेतू हिरवळीचा होता, पण पक्ष्यासाठी ती भिंत झाली. माळढोक आता तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याची कारणं अनेक आहेत, पण गवताळ रानाला रान न मानणं हे त्यांतलं एक आहे. गिरिपुष्प बांधावर हिरवळीच्या खतासाठी उत्तम. माळाच्या मध्यात नाही. उपयोगाचं झाडसुद्धा चुकीच्या जागी लावलं की नुकसान करतं, हे विद्यार्थ्यांना पुस्तकातून पटत नाही, माळावर नेऊन दाखवावं लागतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात नेलं तर माळ बोलतो. मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवतं निसवलेली असतात, आणि त्यांच्या पोटात शेकड्यांनी लहान वनस्पती. कुसळीचं एक बी हातात घ्यावं. त्याला काळपट, पिळलेलं लांब कुसळ असतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की पीळ उलगडू लागतो आणि ते हातावरच गरगर फिरतं. वाळलं की पुन्हा पिळतं. दिवसा कोरडं, रात्री दमट, असं होत होत ते बी स्वतःला मातीत स्क्रूसारखं रोवतं. उतारावर वाहून जाऊ नये म्हणून केलेली ही तजवीज आहे. अशा माळावर खड्डे घेणारं यंत्र फिरवण्याआधी तिथे काय आहे, हे आधी मोजायला नको का? महाराष्ट्र सरकारनं २०२२मध्ये १७२ कोटी ३९ लाख रुपयांचा महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्प मंजूर केला. त्याच्या विषयांत पिकांच्या स्थानिक वाणांबरोबर गवताळ रानं, झुडपी रानं आणि चराऊ कुरणंही आहेत. उद्यानविद्या महाविद्यालयांनी गवताच्या बियांचे वाफे धरले, तर त्या कामाला थेट हातभार लागेल. गवताची रोपवाटिका ही कल्पना आपल्याकडे अजून विचित्र वाटते, पण मृद्‌संधारणाच्या प्रत्येक कामाला शेवटी तेच लागतं.

सोलापूर जिल्ह्यातली वनस्पती-नोंद पूर्ण झाली आहे असंही समजू नये. २०१४मध्ये नागदवण्याच्या गोतातल्या एका कंदाची विज्ञानाला नवी असलेली जात सोलापुरातल्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी वर्णन केली आणि तिच्या नावातच सोलापूर आलं, क्रायनम सोलापुरेन्स. इतक्या पायाखालच्या, इतक्या नांगरलेल्या जिल्ह्यात एकविसाव्या शतकात नवी वनस्पती मिळते, हे विद्यार्थ्याला सांगताना मला आनंद होतो. त्याबरोबर एक ताकीदही द्यावी लागते. असं दुर्मीळ काही दिसलं की कंद उपटून महाविद्यालयाच्या कुंडीत लावायचा नाही. जागा नोंदवायची, जाणकाराला दाखवायची, आणि परवानगीनं, थोडंसं बी घेऊन त्यापासून रोपं करायची. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांवर असं काम झालं आहे. मूळ जागा राखणं पहिलं, बागेतली प्रत ही त्या जागेचा विमा.

बागकामाच्या पाण्याचा हिशेबही विद्यार्थ्यांकडून वहीत करून घ्यावा, कारण आकड्यांपुढे मतं गप्प बसतात. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. मंद्रूपमधल्या शाळेचं १०० चौरस मीटरचं छत धरलं तर वर्षाला ५५० मिलिमीटरप्रमाणे ५५ हजार लिटर. गळती-उडती वजा जाता ४४ हजार हाती लागतील. आता त्याच शाळेपुढे १०० चौरस मीटरची मखमली हिरवळ करा. उन्हाळ्यात तिला चौरस मीटरला दिवसाला कमीत कमी ५ लिटर लागतं, म्हणजे रोज ५०० लिटर आणि ९० दिवसांत ४५ हजार. अख्ख्या वर्षाचा छतावरचा पाऊस एका हिरवळीनं तीन महिन्यांत पिऊन टाकला. त्याच पाण्यात पहिली दोन वर्षं सांभाळावी लागणारी पन्नासभर देशी झाडं-झुडपं उभी राहतात, आणि तिसऱ्या वर्षी त्यांचं पाणी बंद करता येतं. मुळाशी पाचटाचं किंवा तुरकाठ्यांचं आच्छादन, उन्हाळ्यापुरता शेजारी पुरलेला तळाला भोक पाडलेला माठ, आळं बुंध्याला न चिकटवता फांद्यांच्या घेराखाली सरकवलेलं, एवढी तजवीज पुरते. ऊसपट्टा जवळ असल्यामुळे पाचट फुकट मिळतं, जाळलं मात्र जातं.

राहिला प्रश्न पोटाचा. चार वर्षं शिकून हिवराची रोपं विकून घर चालेल का, असं विद्यार्थ्यानं विचारलं तर ते योग्यच आहे. किरकोळ गिऱ्हाइकावर चालणार नाही. ही रोपं घाऊक घेणारे म्हणजे सामाजिक वनीकरण, महामार्गाचे ठेकेदार, कारखाने, ग्रामपंचायती. हे सगळे निविदेतल्या यादीप्रमाणे घेतात, आणि ती यादी करणाऱ्या टेबलावर पुष्कळदा याच शाखेचा पदवीधर बसलेला असतो. त्याला तरवड रोपवाटिकेत कसा होतो हे माहीत असेल तर तो यादीत लिहील. माहीत नसेल तर मागच्या वर्षीची यादी पुढे ढकलेल. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं विकली जातात, बेलासाठी दुसऱ्याच्या परसात जावं लागतं, वाघाटीला किलोमागे भाजीपाल्याच्या कितीतरी पट भाव मिळतो. गावातल्या गावात खपेल असा हा लहान बाजारही आहे.

यादीबरोबर मुदतही बदलावी लागेल. मंद्रूपच्या रस्त्याकडेला जूनमध्ये कडुनिंब, करंज, हिवर लावायचे असतील, तर फूटभर उंचीच्या, मुळं न वळलेल्या रोपांसाठी बी आदल्या वर्षीच गोळा व्हायला हवं. हिवर-बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात, करंजही त्याच सुमाराला, निंबोळ्या जून-जुलैत. म्हणजे रोपांची मागणी आणि पैसा आदल्या मार्चपर्यंत रोपवाटिकेच्या हाती पडला पाहिजे. आजची मागणी बहुधा लागवडीच्या तोंडावर, मे महिन्यात निघते, आणि मे महिन्यात शिल्लक असतं ते गुलमोहर, निलमोहर आणि सुबाभूळ.